डावीकडचं मागचं दार

१

शेडचं शटर वर सरकवलं की मिस्त्री लगेच कामाला लागत नसे. आत जाऊन तो नुसता उभा राहायचा. रात्रभर कोंडलेला पत्र्याचा, ग्रीसचा, जुन्या रबराचा वास छातीत भरून घ्यायचा. मग रेडिओ लावायचा, कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवायचा आणि चहाला उकळी येईपर्यंत आदल्या दिवशी ठोकलेल्या पत्र्यावरून डोळे मिटून हात फिरवायचा.

"डोळा फसतो," तो म्हणायचा. "तिरीप पडली की खड्डासुद्धा सपाट दिसतो. तळहात फसत नाही."

"मग चष्म्यावर कशाला खर्च केलात?" शेडच्या दुसऱ्या टोकाला शिलाई मशीनवर बसलेली त्याची बायको विचारायची. "एक हातमोजा घेतला असता की झालं."

दोघांनी धंदा असा वाटून घेतला होता: पत्रा त्याचा, गाद्या तिच्या. नव्या गाडीला दोघंही हात लावत नसत. नव्या गाडीचा पत्रा कागदासारखा, असं मिस्त्रीचं मत. आणि नव्या गादीत आहे काय, नुसता फोम, असं तिचं. त्यामुळे त्यांच्याकडे येणारी प्रत्येक गाडी त्यांच्याइतकीच म्हातारी असायची. काम संथपणे चालायचं आणि दिवस बरे जायचे.

एका दुपारी ट्रकमधून जे उतरवलं त्याला गाडी म्हणायचं ते आपलं सवयीने. चाकं नव्हती. डावी बाजू आत गेलेली, वरचा टप चेपून मागच्या सीटला टेकलेला. बोनेटमधून एक रोपटं वर आलं होतं आणि चांगलं तरारलं होतं.

"हिच्यापेक्षा झाडाची तब्येत बरी आहे," बायको म्हणाली.

ट्रकच्या मागोमाग टॅक्सीतून दोन म्हातारी माणसं उतरली, बहीण पुढे आणि भाऊ मागे. बहिणीला सगळे ताई म्हणत, म्हणून मिस्त्रीही ताईच म्हणू लागला. भावाची ओळख ताईंनी करून दिली. "हा आमचा बाळ." बाळ सत्तरीला आलेले होते आणि डोक्यावर औषधालाही केस नव्हता. मिस्त्रीची जीभ रेटेना. तो 'साहेब' म्हणाला, तर ते कसनुसं हसले. "बाळच म्हणा हो. दुसऱ्या नावाने हाक मारलीत तर मी ओ देणार नाही."

ताई गाडीजवळ गेल्या आणि चुरगळलेल्या मडगार्डवर त्यांनी हात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. "आमच्या बाबांची," त्या म्हणाल्या. "मी नऊ-दहा वर्षांची असेन. वळणावर घसरली आणि उतारावरून खाली गेली. बाबांनी ती तिथेच कुणालातरी देऊन टाकली. आणि आता एका रोपवाटिकेच्या मागे सापडली. खताची पोती ठेवायचे हिच्यात. नंबर वाचला आणि मी मटकन खालीच बसले."

"कुणाला फार लागलं होतं का?"

"छे! खरचटलं, बस. नशीब म्हणायचं." ताईंनी मान वर केली. "मिस्त्री, चकचकीत नको मला. जशी होती तशी करून द्या. अगदी जशी होती तशी."

बाळ तेवढा वेळ फाटकापाशीच उभे होते. चष्म्याच्या काचा पुसून झाल्या तरी ते पुसतच राहिले.

२

गाडीचा एकच फोटो होता, तोही समोरून काढलेला. बोनेटवर कोपर टेकवून बाबा उभे, आणि बाबांच्या अंगामागे गाडी निम्मी झाकलेली. मागच्या अंगाचा आकार कळायला काही साधन नव्हतं. मग ताई आणि बाळ रोज दुपारी येऊन बसू लागले आणि आठवणीतून सांगू लागले. मागची काच केवढी होती? ताई हवेत बोटाने रेघ ओढत. टपाचा उतार कुठून सुरू व्हायचा? बाळ म्हणत, "बाबा टपावर टोपी ठेवायचे आणि ती घसरून नेमकी डिकीवर थांबायची." मिस्त्री त्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापायचा, पत्र्याला लावून बघायचा. आणि गंमत म्हणजे साचा बहुतेक वेळा बरोबर बसायचा.

टप वर आला तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहिला. आतून जॅक लावून मिस्त्री इंच इंच वर घेत होता, पत्रा कण्हत होता, आणि एका क्षणी 'धप्' असा आवाज करून अख्खा टप आपणहून जागेवर गेला. आत कोंडलेली हवा बाहेर आली. खतापेक्षा निराळा काहीतरी वास होता तो. ताईंनी डोळे मिटले.

"संत्र्याची सालं," त्या म्हणाल्या. "बाळ, आठवतं? बाबा गाडीत संत्री सोलू द्यायचे नाहीत आणि आपण सीटखाली लपवायचो."

"आणि घरी पोचल्यावर आईला आधी वास यायचा," बाळ म्हणाले. दोघं इतकी हसली की बाळना ठसका लागला. बायकोने पाणी आणून दिलं. साठ वर्षांनी वास कसा राहील, असं मिस्त्रीच्या मनात आलं. पण त्यालाही वास आला होता. रोपवाटिकेत संत्र्याची झाडं असणारच, असं म्हणून त्याने विषय मनातल्या मनात संपवला.

मग तो डाव्या बाजूकडे वळला. खडकावर आदळून तिकडचा पत्रा पार आत गेला होता. आतून लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडीने हळूहळू ठोकत यायचं, असं ते काम. मागच्या दारापाशी त्याचा तळहात थांबला. बाकी सगळे पोचे बाहेरून आत गेलेले. हा एकच आतून बाहेर आलेला होता. खाली, दाराच्या तळाशी, लिंबाएवढा गोल फुगवटा.

"लहानपणी लाथा मारत होतात वाटतं?" त्याने हसत विचारलं.

"मी नव्हे," बाळ म्हणाले. "मी उजवीकडच्या खिडकीशी बसायचो. कायम."

"म्हणजे ताई, तुम्ही."

"मी कशाला? मी मध्ये बसायचे."

मिस्त्रीने हातोडी खाली ठेवली. "मग डावीकडे कोण बसायचं?"

"डावीकडे कोणी नाही," ताई म्हणाल्या. मग भावाकडे बघून म्हणाल्या, "सामान असेल. नाही का रे?"

"सामान डिकीत असायचं," बाळ म्हणाले.

रेडिओवर कुठलंसं जुनं गाणं लागलं होतं. मिस्त्रीने त्याचा आवाज वाढवला आणि हातोडी पुन्हा उचलली.

३

फुगवटा काढणं म्हणजे मिस्त्रीच्या हातचा मळ. चार ठोके मारले, हात फिरवला, सपाट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उकळत असताना सवयीने डोळे मिटून हात फिरवला, तर तो होता तिथेच होता.

आता याचं कारण मिस्त्रीला तोंडपाठ होतं. पत्रा एकदा ताणला गेला की त्याला जागा पुरत नाही, तो उसळी मारतो. त्यावर उपाय असा की तो भाग लाल होईपर्यंत तापवायचा आणि ओल्या फडक्याने झटकन गार करायचा, म्हणजे पत्रा अंग चोरतो. त्याने तसं केलं. वाफ निघाली. पत्रा असा बसला की त्यावर अंडं ठेवलं असतं तर हललं नसतं.

दुपारी जेवून आला तर फुगवटा परत आलेला. या वेळी चार बोटं वर.

"अगं," त्याने बायकोला हाक मारली. "तू दाराला धक्का दिलास का?"

"मला मेलीला दुसरं काम नाही?" ती म्हणाली. "तुम्हीच मघाशी ठोकत होतात ना? हळूहळू, थांबून थांबून."

"मी नळावर हात धूत होतो."

तिने मशीनचं पायडल थांबवलं. "मग शेजारच्या शेडमधून आला असेल आवाज," ती म्हणाली. शेजारच्या शेडला कितीतरी महिने कुलूप होतं. दोघांनाही ते माहीत होतं, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "जरा इकडे या. तुम्हाला एक दाखवायचंय."

तिने मागची सीट उसवून स्प्रिंगा मोकळ्या केल्या होत्या. अशा कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गादी बघून ती सांगायची की मालक जाड होता की बारीक, एकटा फिरायचा की बायकोला घेऊन. स्प्रिंगांवर तिने पंजा दाबून दाखवला. उजवीकडे एक जागा बसलेली. मध्ये एक. आणि डावीकडे एक.

"तीन पोरं बसायची यात," ती म्हणाली. "डावीकडचं सगळ्यात चुळबुळं. बघा ना, एका जागी बसलेलंच नाही. सगळ्या बाजूच्या स्प्रिंगा वाकल्यात."

"खताची पोती ठेवायचे."

"खताचं पोतं चुळबुळ करत नाही हो," बायको म्हणाली आणि पुन्हा शिवायला बसली.

४

जसजशी गाडीला गाडीची कळा येऊ लागली तसतशा ताई खुलत गेल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा फाटकापासून गाडीपर्यंत यायला त्यांना भावाचा हात लागला होता. आता त्या टॅक्सीतून उतरून तरातरा आत यायच्या. बायकोशी त्यांचं चांगलं सूत जमलं. शिवणयंत्राशेजारी बसून त्या दोरे ओवून द्यायच्या आणि बोलत राहायच्या. नदीकाठची सहल, गाडी बंद पडली की सगळ्यांनी उतरून ढकलायची, बाबा खोटं खोटं रागवायचे, आई पुढच्या सीटवरून मागे न बघता चापट मारायची आणि ती नेमकी लागायची.

"खिडकीवरून काय भांडणं व्हायची!" एकदा त्या म्हणाल्या. "म्हणून तर बाबा मला मध्ये बसवायचे. दोघांच्या मध्ये भिंत हवी ना! नाहीतर एकमेकांचे केस उपटले असते त्यांनी."

बायकोची सुई थांबली. "दोघांच्या म्हणजे?"

"म्हणजे बाळ आणि..." ताईंचं तोंड उघडंच राहिलं. एखादं नाव अगदी जिभेवर यावं आणि तिथेच अडावं तसं झालं त्यांना. मग त्या हसल्या. "काय बाई बडबडते मी. वय झालं."

पण त्या दिवसापासून त्यांचं गाडीकडे बघणं बदललं, हे मिस्त्रीच्या ध्यानात आलं. त्या वाट बघत असल्यासारख्या बसायच्या.

बाळचं मात्र उलट होत गेलं. ते शेडच्या बाहेरच, झाडाखाली स्टूल टाकून बसू लागले. मिस्त्रीला त्यांचा लळा लागला होता. काम थांबलं की तो दोन कप घेऊन बाहेर यायचा आणि दोघं न बोलता चहा प्यायचे. एका संध्याकाळी, उन्हं अजून फाटकावर होती तेव्हा, बाळ आपणहून बोलायला लागले.

"टॅक्सीवाल्याने ब्रेक मारला ना, मिस्त्री, की ताई दोन्ही हात आडवे टाकते. पूर्वीपासूनची सवय. उजवा माझ्या छातीवर. मी पुढे आपटू नये म्हणून."

"आणि डावा?"

"डावा नुसताच. हवेत." त्यांनी कप गोल गोल फिरवला. "आज मी तो बघितला. इतकी वर्षं शेजारी बसतोय, पण आजच बघितला."

मिस्त्रीने आपला कप खाली ठेवला.

"आई घरी होती त्या दिवशी," बाळ म्हणाले. "गाडी खडकाला टेकून थांबली. डाव्या अंगावर. बाबांनी उजवीकडच्या खिडकीतून आधी मला ओढलं, मग ताईला. आम्हाला गवतावर बसवलं. आणि ते परत गेले. खिडकीतून अर्धे आत वाकले, खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपडत राहिले. कितीतरी वेळ. टप तर तिकडे सीटला टेकलेला. पेन पडलं की काय, असं मला वाटलं. मग त्यांनी हात बाहेर काढला, हाताकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, 'तुम्ही दोघंच होतात ना रे?'"

"मग?"

"आम्ही म्हणालो, हो. दोघंच." बाळनी मिस्त्रीकडे बघितलं. डोळे एवढेसे झाले होते. "आणि आम्ही दोघंच होतो हो. आईला विचारा, कुणालाही विचारा, म्हणजे विचारलं असतं तर... घरात तिसरा पलंग नाही, तिसरं दप्तर नाही, काही नाही. बाबाही पुढे कधी त्यावर बोलले नाहीत. पण त्यांनी विचारलं का, मिस्त्री? स्वतःची पोरं किती हे कुणी विचारतं का?"

आत शेडमध्ये ताई काहीतरी गुणगुणत होत्या. बाळनी आवाज खाली आणला.

"समजा, कुणी असलंच. तर आम्ही 'दोघंच' म्हणालो, ते त्याने आतून ऐकलं असेल."

५

मिस्त्री काही भोळाभाबडा माणूस नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने पुष्कळ मोडक्या गाड्या बघितल्या होत्या. त्यांतल्या काही गाड्यांत माणसं गेलेली होती, हेही त्याला माहीत असायचं. कधी काही वाटलं नव्हतं. पत्रा म्हणजे पत्रा. त्यामुळे बाळचं बोलणं ऐकून त्याने ठरवलं की आता याचा छडा पत्र्यातच लावायचा.

त्याने दार बिजागरीवरून काढून भिंतीला टेकवलं. दिवस गेला, दुसरा गेला. फुगवटा आला नाही. दार परत बसवून उघडंच ठेवलं. नाही आला. मग त्याने दार लावलं, अंगणात जाऊन रबराच्या पट्ट्या कापल्या आणि परत आला. फुगवटा होता. शेजारी दुसरा, थोडा लहान.

"बंद केलं की येतो," तो बायकोला म्हणाला. त्याला हायसंच वाटलं. "म्हणजे चौकट वाकडी आहे. दार लावलं की पत्र्यावर ताण येतो." त्याने चौकट मापली. आडवी मापली, उभी मापली, तिरकी मापली. शेवटी उजवीकडची चौकट मापून पडताळून बघितली. दोन्हींत केसाचाही फरक नव्हता.

तो दाराशी उकिडवा बसून राहिला. दाराच्या आतल्या बाजूला, जिथे हँडल असायला हवं, तिथे नुसतं भोक होतं. आपटण्यात हँडल तुटून गेलेलं. दार बाहेरून उघडायचं, आतून नाही. इतके दिवस हे काम त्याने शेवटी करायचं म्हणून मागे ठेवलं होतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. ती कधी नव्हे ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "बसवून टाका ते हँडल."

त्याने उजवीकडचं हँडल उतरवून त्याबरहुकूम पितळेचं नवं बनवलं. कानशीने घासून कडा मऊ केल्या. एरवी तो इतक्या मऊ करत नसे. बाळ आले तेव्हा तो ते फडक्याने पुसत होता. बाळ सरळ आत आले, कितीतरी दिवसांनी.

"हे डावीकडचं?"

"हो."

"नका बसवू." बाळनी त्याचं मनगट धरलं. "मिस्त्री, मी तुमच्या पाया पडतो. बाकी सगळं करा. तेवढं एक राहू द्या. शोभेची गाडी आहे, कुणाला कळणार आहे? ताईला मी सांगतो मिळालं नाही म्हणून."

या माणसाने त्याच्याजवळ कधी काही मागितलं नव्हतं. हँडल न बसवणं काय अवघड होतं? एक साधी पट्टी ठोकली असती तरी चाललं असतं. पण दाराचं ते भोक त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना, आणि त्या भोकाच्या पलीकडे बसून थांबून थांबून, हळूहळू, दमून पुन्हा दम धरून लाथा मारणारं काहीतरी.

"बाळ," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने त्यांना नावाने हाक मारली. "आतून उघडत नाही असं दार मला करता येत नाही हो. माझ्या हातून व्हायचं नाही ते."

बाळनी मनगट सोडलं. त्यांनी ते पितळी हँडल तळहातावर घेतलं. "केवढंसं आहे," ते म्हणाले. "मला आठवत होतं त्यापेक्षा लहान."

६

हँडल बसलं ती दुपार उन्हाने नुसती तापली होती. गाडीला रंग चढला होता, गडद हिरवा, ताईंनी सांगितलेला. काचा बसल्या होत्या, मागच्या सीटवर बायकोने शिवलेलं बिस्किटी कव्हर चढलं होतं. कुणीही म्हटलं असतं, गाडी कालच घरी आली.

ताई त्या डावीकडच्या दारासमोर स्टुलावर बसल्या होत्या. बाळ शटरच्या चौकटीला टेकून उभे. मिस्त्रीने हँडल दोनदा फिरवून बघितलं. खिट्टी 'खट्' करून उघडत होती, 'खट्' करून बसत होती. मग त्याने चारही दारं लावली. जुन्या गाडीचं दार लागतानाचा तो भारदस्त आवाज चार वेळा शेडमध्ये घुमला.

"झालं, ताई," तो म्हणाला. "जशी होती तशी."

ताईंचं लक्ष नव्हतं. त्या गुडघ्यांवर हात ठेवून थोड्या पुढे वाकल्या होत्या.

हात पुसायला फडकं घ्यावं म्हणून मिस्त्री हत्यारांच्या फळीकडे वळला, आणि त्याच्या पाठीमागे 'खट्' झालं.

गाडीजवळ कुणी नव्हतं. बायको मशीनपाशी, तो फळीपाशी. डावीकडचं मागचं दार वीतभर उघडं होतं. तेवढ्यात ते आणखी थोडं उघडलं, जड दार लहान माणसाने रेटावं तसं, अडखळत. सीटचं नवंकोरं कव्हर काठाशी दबलं गेलं आणि मग हळूच वर आलं. स्प्रिंग कुरकुरली. खिट्टी नीट बसली नसेल, मिस्त्रीने स्वतःला सांगितलं. जमीन उताराची असेल. जमीन त्याने स्वतः पाणसळ लावून सपाट घातलेली होती.

"किती वेळ लावलास!" ताई म्हणाल्या.

तो आवाज ताईंचा नेहमीचा नव्हता. मोठ्या बहिणीचा, वैतागलेला, लाडाचा आवाज होता तो. त्या बघत होत्या ते दाराच्या काचेकडे नाही, त्याच्या खाली. कमरेएवढ्या उंचीवर.

"मिस्त्री," शटरपासून बाळचा बारीक आवाज आला. "ताई कुणाशी बोलतेय?"

मिस्त्री उत्तर देणार एवढ्यात बाळ एक पाऊल बाजूला सरले. अगदी सहज. दारात उभं असताना कुणी जवळून जायला लागलं की आपण अंग चोरून वाट देतो, तसे. आपण काय केलं हे त्यांना नंतर कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि तेव्हाच मिस्त्रीने बघितलं, की त्यांचा खाली लोंबणारा डावा हात किंचित पुढे ओढला गेलाय आणि त्याची बोटं वाकलीयत. मूठ पुरी मिटलेली नव्हती. आत काहीतरी मावेल एवढी जागा ठेवून बोटं वाकली होती.

"चला," ताई उठल्या. "घरी चला. उन्हात किती वेळ उभं राहायचं?"

"आणि गाडी?" बायकोने विचारलं.

"गाडी?" ताईंनी वळून गाडीकडे बघितलं, परक्याच्या घरातल्या एखाद्या सामानाकडे बघावं तसं. "राहू दे ना तुमच्याकडे. मला काय करायचीय आता?"

टॅक्सी न बोलावता ते चालतच निघाले. मिस्त्री आणि बायको फाटकाशी उभे राहिले. ताई अखंड बोलत होत्या. शब्द कळत नव्हते, नुसता हसरा सूर येत होता. दोघं भावंडं रस्त्याने शेजारी शेजारी चालत होती, पण खेटून नाही. मध्ये थोडी जागा होती. एक सायकलवाला घंटी वाजवत आला आणि दोघांनीही एकाच वेळी हात आत ओढले, त्या मधल्या जागेकडे.

वळणावर बाळनी मागे बघितलं. त्यांनी हात सोडवायचा प्रयत्न केला, अगदी हळूच, ताईंच्या लक्षात येऊ नये असा. एकदा झटकला. पुन्हा झटकला.

हात सुटला नाही. मग ते वळणाआड गेले.

७

त्यानंतर कितीतरी दिवस गाडी शेडमध्ये तशीच उभी होती. मिस्त्री रोज सकाळी तिच्यावरून हात फिरवायचा. पत्रा गुळगुळीत होता. कुठेही काही नाही. फुगवटा येत नाही याचं वाईट वाटावं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. बाहेरच्या झाडाखालचं स्टूल बायकोने दोनदा आत आणून ठेवलं आणि दोनदा त्यानेच बाहेर नेऊन ठेवलं.

"एकदा जाऊन तरी या," शेवटी ती म्हणाली. "किल्ल्या द्यायच्या निमित्ताने. बाळना बघून या."

पत्ता होता. एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. जिना स्वच्छ होता, खिडकीतून दुपारचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं. वर येईपर्यंत मिस्त्रीने काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. गाडी तुमची आहे, माझ्याकडे जागा नाही, वगैरे. बाळ ठीक आहेत ना, हे शेवटी सहज विचारायचं होतं.

घंटी वाजवायच्या आधीच दार उघडलं गेलं. ताई होत्या. केस नीट विंचरलेले, गालांवर रंग. दहा वर्षांनी लहान दिसत होत्या. मिस्त्रीला बघून त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला, पण लगेच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

त्यांच्या खांद्यावरून आतली खोली दिसत होती. पडदे ओढलेले होते. खिडकीशी आरामखुर्चीत बाळ झोपलेले. खूप वाळले होते. मान एका अंगाला कलली होती आणि डावा हात खुर्चीबाहेर जमिनीच्या दिशेने लोंबत होता. झोपेतसुद्धा त्याची बोटं तशीच वाकलेली होती. मिस्त्री बघत असतानाच हात जरासा हलला, खालून कुणी कूस बदलावी आणि हाताला ओढ बसावी, तसा. बाळ झोपेतच कण्हले. खोलीत संत्र्याचा वास होता.

"हळू बोला, हं," ताई कुजबुजल्या. किती दमल्या होत्या आणि किती सुखात होत्या! "आत्ता कुठे डोळा लागलाय दोघांचा."

मिस्त्रीने हातातल्या किल्ल्या परत खिशात टाकल्या. त्याने मान हलवली. मग तो वाकला, पायातले बूट काढून हातात घेतले आणि आवाज होऊ नये म्हणून कठड्याला धरून, एकेक पायरी बघत जिना उतरू लागला.